दोघांना दिसलेली पाखरं

होळी झाली की माझ्या धंद्याचा हंगाम सुरू होतो. विहिरींचं पाणी खाली जातं, मोटारी कोरड्या चालतात, कॉइल जळते, आणि बालाघाटच्या आसपासचे शेतकरी मोटरसायकलला मोटर बांधून माझ्या दुकानासमोर उभे राहतात. जुन्या मोटारी आणि पंप घ्यायचे, दुरुस्त करायचे, विकायचे, हा माझा धंदा. सरहद्दीवरच्या एका गावातून मी पान्यांची पिशवी घेऊन या शहरात आलो. बापाकडे द्यायला काही नव्हतं आणि सासऱ्याकडे मागायची मला सवय नव्हती. जे आहे ते भाव करून मिळवलेलं आहे. अशा माणसानं हंगामातला रविवार दुकान बंद ठेवणं म्हणजे गिऱ्हाईक हाताला धरून शेजाऱ्याच्या ओट्यावर नेऊन बसवणं. तरी मी उन्हाळ्यातले सगळे रविवार कित्येक वर्षं एका माणसाला दिले. त्या माणसानं मला फसवलं. हे लिहायला बसलो आहे, तरी माझा राग गेलेला नाही.

त्यांना मी बाबूजी म्हणतो. वयानं माझ्यापेक्षा बरेच मोठे. सिंचनाच्या कचेरीत नकाशे काढायचे. कालवा कुठून जाईल, नाला कुठे अडवायचा, हे त्यांच्या पेन्सिलीतून उतरायचं. शहरातल्या जुन्या मराठी घरांपैकी त्यांचं घर, आजोबापासून सरकारी नोकरी. अशा घरातली माणसं माझ्याशी दुकानाच्या पायरीखाली उभी राहून बोलतात, वर येत नाहीत. बाबूजी मात्र वर आले होते. घरच्या विहिरीसाठी त्यांना मोटर हवी होती. मी भाव सांगितला. ते माझ्या डोक्यामागे कुठेतरी पाहत राहिले. गिऱ्हाईक मालाकडे न पाहता दुसरीकडेच पाहतं तेव्हा ते मुरलेलं आहे असं समजावं, हा माझा अनुभव. मी थोडा खाली आलो. ते तसेच. आणखी खाली आलो. तरी तसेच. मग माझं डोकं तापलं.

"बाबूजी, घ्यायची नसन तर तसं सांगा. तिकडं काय पाहून राह्यले?"

"तुझ्या कडुनिंबावर हळद्या बसला आहे, सेठ," ते म्हणाले. "तू भाव सांगतला काय? मी ऐकलाच नाही."

त्यांनी गळ्यातली दुर्बीण काढून माझ्या हातात दिली. मी पाहिलं. पिवळाधमक पक्षी, डोळ्याजवळ काळी रेघ. दुकानामागच्या त्या झाडाखाली मी वर्षानुवर्षं ग्रीसचे हात पुसले होते, आणि हा तिथे येऊन बसतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. शेवटचा भाव होता त्यावर त्यांनी मोटर घेतली आणि मला येत्या रविवारी बैहरच्या वाटेवर येतोस का म्हणून विचारलं. मी गेलो.

पहिल्याच उन्हाळ्यात आमचा नियम ठरला. पाण्याची बाटली आणायला मी जीपकडे परत गेलो होतो. तेवढ्यात त्यांना बांबूच्या बेटात नवरंग दिसला. मी आलो तेव्हा त्यांचा चेहरा लग्नघरासारखा झाला होता. त्यांनी सगळं सांगितलं, हिरवी पाठ, शेपटीखाली लाल, पाला कसा उलटत होता. मी म्हणालो, माझ्यासमोर तोलला नाही तो माल मी घेत नाही. ते इतके हसले की खाली बसले. मग म्हणाले, ठीक आहे सेठ, दोघांना दिसेल तेच पाखरू आपलं. एकट्याला दिसलं ते उधार. आणि खरोखर, मला नवरंग दिसेपर्यंत त्यांनी त्याच बांबूच्या बेटाकडे मला पुन्हा पुन्हा नेलं. इतक्या वर्षांत हा नियम आम्ही कधी मोडला नाही. तेव्हा तरी मला तसं वाटत होतं.

सहली ठरायच्या माझ्या काउंटरवर. उन्हाळाच का, असं लोक विचारायचे. उन्हाळ्यात पानं गळालेली असतात, पाणी मोजक्याच जागी उरतं, आणि पाखराला पाणी चुकत नाही. शिवाय काही पाखरं याच दिवसांत येतात, विणीसाठी. मी मलाजखंडला जुन्या पंपांच्या लिलावाला जातो तसाच सहलीचाही विचार करायचो. तिथे आधी कोण पोचणार आहे, काय शिल्लक असेल, किती वाजता गेलं तर पदरात काही पडेल. मोहाच्या दिवसांत मोहाच्या झाडांकडे जायचं नाही, पहाटेपासून माणसं फुलं वेचत असतात, आणि माणसं नसली तर अस्वल असतं. तेंदूपत्ता तोडायचे दिवस लागले की झुडपी जंगल सोडून द्यायचं आणि नाल्यांच्या वरच्या अंगाला जायचं. पार्काच्या आत आम्ही जात नसू. तिथे लोक वाघासाठी जातात आणि गेटवरचा माणूस घड्याळ दाखवतो, त्याच्याशी भाव चालत नाही. पहाटेच्या बसनं घाट चढून बैहर, तिथून ठरवलेली जीप, आणि अंधार पडायच्या आत घरी. मुक्काम नाही. बाबूजींना घरचं पाणी लागायचं आणि मला सोमवारी दुकान.

मी परसवाड्याकडची जागा सुचवली की ते बैहरकडची सुचवायचे. मी म्हणायचो तिथे गेल्या वर्षी काही मिळालं नाही. ते म्हणायचे, तू चुकीच्या वेळेला गेलास. असा तासभर घोळ चालायचा, गिऱ्हाईकं ताटकळायची, आणि मग ते बेअरिंगच्या खोक्याचं झाकण उलटं करून त्यावर पेन्सिलीनं नाला काढायचे. त्यांच्या रेघेसारखी रेघ मी पाहिली नाही. नाला वळतो तिथे पेन्सिल थबकायची, आणि मला तिथला डोह दिसायचा.

एक पाखरू आमच्याकडे नव्हतं. निळ्या दाढीचा राघू. तारेवर बसून माशा पकडणारा वेडा राघू सगळ्यांना माहीत असतो. हा त्याच्याच जातीचा, पण कबुतराएवढा, दाट जंगलातला, गळ्यावर निळी पिसं दाढीसारखी लोंबणारी. आवाज घोगरा. नाल्याच्या कापलेल्या काठात बीळ करून घरटं करतो. पुस्तकात आमच्या डोंगरांवर त्याचा ठिपका होता, पण आम्हाला कधी गावला नव्हता. दर उन्हाळ्याचा पहिला विषय तोच असायचा.

मग बाबूजींनी रेघ काढणं सोडलं. झाकण समोर ठेवलं तर म्हणायचे, तूच सांग, माझा नकाशा पोटात आहे. पुस्तकातलं मला वाचायला सांगायचे. जंगलात माझ्या पुढे चालणारा माणूस माझ्या मागे चालायला लागला. मी पाखरू दाखवायचो, ते दुर्बीण लावायचे आणि म्हणायचे, हौ. मला वाटलं, वय झालं. मला वाटलं, बसून आळसावले. समोरच्याच्या डोळ्यांत पाहून त्याच्या खिशातलं ओळखणारा मी, माझ्या शेजारी बसून प्रवास करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत पाहिलं नाही.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. बैहरच्या पुढे एका नाल्यावर आम्ही बसलो होतो. ऊन चढत होतं. पलीकडच्या काठावर मला एक पाखरू दिसलं. मी बोट दाखवलं, आणि बोट दाखवता दाखवताच ते उडून गेलं. फांदीवर वाळलेलं पान तेवढं हलत होतं. बाबूजींनी दुर्बीण लावली. म्हणाले, हौ, दिसला.

माल खराब निघाला तर मी लगेच ओरडत नाही, आधी दुसऱ्यांदा तपासतो. थोडं पुढे गेलो. एक सालाचं झाड होतं, शेंड्याकडची फांदी उघडी, तिच्यावर काहीच नव्हतं. मी म्हणालो, बाबूजी, त्या उघड्या फांदीवर सर्पगरुड बसला आहे.

त्यांनी दुर्बीण बरोबर त्या फांदीकडे नेली. बराच वेळ धरली.

"हौ," ते म्हणाले. "काय रुबाब आहे."

नुसतं हौ म्हणाले असते तर कदाचित मी गिळलं असतं. तो रुबाब मला सहन झाला नाही. माझा आवाज किती चढला ते मला आठवत नाही, पण खाली जीपजवळ विडी ओढणारा ड्रायव्हर धावत वर आला, अस्वल निघालं असं त्याला वाटलं. फांदी रिकामी आहे, मी म्हणालो. आणि मघाची पण रिकामी होती. बाबूजी एका दगडावर बसले. टोपी काढली. ड्रायव्हर परत गेल्यावर बोलायला लागले.

समोरचं मधलं पुसलं जातं, ते म्हणाले. कडेचं राहतं. म्हणून चालता येतं, दगड दिसतो, खड्डा दिसतो. ज्याच्याकडे पाहावं तेच नेमकं नसतं. "तुझ्याकडे पाह्यलं तर तुझे कान दिसते मले. तोंड नाही दिसत." नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं की गेलेलं येणार नाही आणि उरलेलं किती दिवस राहील ते सांगता येत नाही. हे दोन उन्हाळ्यांपासून होतं. घरी बायकोला माहीत होतं. पुण्याच्या मुलाला माहीत होतं. कचेरीतल्या जुन्या मित्रांना माहीत होतं, ते संध्याकाळी त्यांना पेपर वाचून दाखवायचे.

"मले काहून नाही सांगतलं?"

"तुले सांगतलं असतं," बाबूजी म्हणाले, "तर तू डॉक्टरसंगं भाव करत बसला असता."

मी उठलो आणि नाल्यात उतरलो. पाणी घोट्याएवढंही नव्हतं. परत आल्यावर त्यांच्या घराच्या फाटकाशी मी विचारलं, या दोन उन्हाळ्यांतली कोणती पाखरं तुम्हाला खरी दिसली ते सांगा. ते म्हणाले, ते त्यांनाही नीट सांगता येणार नाही. काही कडेनं दिसली. काही माझ्या बोलण्यातून दिसली. मी दाखवताना इतकं बरोबर सांगतो की ते पाहिल्यासारखंच व्हायचं.

माणूस हे कौतुक म्हणून बोलतो, आणि ऐकणाऱ्याला आपल्या हातात खोट्या नोटा ठेवल्यासारखं वाटतं. ज्या पाखरांसाठी मी हंगामातली गिऱ्हाईकं सोडली, ती आमची होती की माझी एकट्याची, हे आता जगात कोणीच सांगू शकत नव्हतं.

आणि मी गेलो नागपूरला. सुट्या भागांची खरेदी आहे असं घरी सांगितलं आणि त्याच डॉक्टरकडे जाऊन बसलो. महागडं इंजेक्शन, हैदराबाद, मद्रास, जिथे म्हणाल तिथे नेतो, म्हणालो. निम्मी नजर परत आली तरी चालेल. चतकोर आली तरी चालेल. डॉक्टर तरुण होता. त्यानं मला मधे तोडलं नाही. माझं सगळं संपल्यावर त्यानं माझ्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. ज्याच्याजवळ विकायलाच काही नाही, त्याच्यापुढे मी आयुष्यात पहिल्यांदा बसलो होतो. परतीच्या बसमध्ये मला बाबूजींचा आणखी राग आला, कारण त्यांनी मला बरोबर ओळखलं होतं.

या वर्षी होळी झाली तरी ते दुकानावर आले नाहीत. मीच त्यांच्या घरी गेलो. तीन प्रस्ताव घेऊन गेलो होतो. कानांनी ऐकलेलं पाखरू मोजायचं. ते नको असेल तर डोळ्याच्या कडेनं दिसलेलं मोजायचं. तेही नको असेल तर मला दिसलेलं दोघांचं धरायचं. बाबूजींनी तिन्ही ऐकून घेतले आणि तिन्ही परत केले. म्हणाले, नियम तुझा आहे सेठ, मी तर हसलो होतो. मी म्हणालो, नियम माझा आहे तर मीच बदलतो. ते म्हणाले, खोटं एकदा पचलं, आता नाही पचत.

आत वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, भांडी आपटली. तिला हे जंगलात जाणं आता नकोच होतं, आणि तिचं बरोबर होतं. मी उठायला लागलो तेव्हा बाबूजी म्हणाले:

"तो निळ्या दाढीचा तेवढा राह्यला. तो तुले दिसेपर्यंत येतो मी संगं. दिसला का मले सुटी दे."

मी हो म्हणालो. मला तो चांगला सौदा वाटला. जे पाखरू इतक्या वर्षांत गावलं नाही ते आता काय गावणार, असा माझा हिशोब होता.

आम्ही पुन्हा निघालो. घरातून निघताना वहिनी माझ्याकडे न पाहता त्यांच्या गळ्यात पाण्याची बाटली अडकवायच्या. बसमध्ये मी त्यांना खिडकीची जागा द्यायचो आणि मग आपण काय केलं ते लक्षात यायचं. जंगलात ते सावलीला बसायचे आणि मी नाला धरून वर जायचो. परत आलो की काय काय दिसलं ते विचारायचे. मी सांगायचो, कमी शब्दांत, मुद्दाम रंग वगळून. त्यांना फुकट काही द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. तेही जास्त विचारायचे नाहीत. एखादा आवाज आला तर नाव सांगायचे आणि गप्प बसायचे. तरी संध्याकाळी घाट उतरताना पुढचा रविवार कुठे, हा घोळ पुन्हा सुरू व्हायचा, आणि तेवढा अर्धा तास जुन्या दिवसांसारखा जायचा. खरं सांगायचं तर त्या अर्ध्या तासासाठीच मी जात होतो.

राघू मला दिसला तो त्याच गेल्या वर्षीच्या नाल्यावर, थोडं वर. बाबूजींनीच सांगितलं होतं, जिथे पाण्यानं काठ उभा कापला आहे तिथे बघ. काठात बीळ होतं. मी पळसाच्या आडोशाला बसलो आणि तो समोरच्या फांदीवर येऊन बसला. तोंडात मधमाशी. हिरवा, जाड मानेचा. मग त्यानं मान वर केली आणि दाढी मोकळी झाली. पुस्तकातला निळा रंग हा नव्हेच. तो उडाला नाही. मला हवा तितका वेळ त्यानं दिला, त्याहूनही जास्त दिला. कोणाला तरी हाक मारावी म्हणून माझं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

खाली येताना वाटेत मला सगळं नीट कळत होतं. नाही म्हणालो की पुढचा रविवार आहे, त्याच्या पुढचाही आहे. पाऊस पडेपर्यंत आहेत, आणि पुढच्या होळीनंतर पुन्हा आहेत. पहिल्या बोलीला सौदा बंद करू नये हे मी पोटासाठी शिकलेलो आहे. बाबूजी झाडाला टेकून बसले होते. चेहरा माझ्याकडे नव्हता, थोडा बाजूला होता, मला कडेनं पाहण्यासाठी.

"दिसला काय?"

दोन उन्हाळे या माणसानं मला खोटं 'हौ' दिलं होतं. मी त्याला खोटं 'नाही' देणार नव्हतो. एवढं एकच माझ्याकडे त्याच्यापेक्षा खरं होतं, आणि ते मला त्याच्या तोंडावर मारायचं होतं. आणि दुसरंही होतं. ती दाढी पाहून मी फार आनंदात होतो, आणि ते सांगायला मला दुसरं कोणी नव्हतं.

"दिसला," मी म्हणालो. आणि मग सगळं सांगितलं. रंग वगळले नाहीत.

ते मन लावून ऐकत होते. माझं संपलं तेव्हा त्यांनी गळ्यातली दुर्बीण काढली, तिचा पट्टा तिच्याभोवती नीट गुंडाळला आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"मस्त झालं," ते म्हणाले. "चल. ऊन वाढायच्या आत निघू."

घाट उतरताना मी पुढच्या रविवारचा विषय काढला नाही. त्यांनीही काढला नाही.

पुढच्या रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. ते व्हरांड्यात बसले होते. मी म्हणालो, बाबूजी, मला शंका येऊन राहिली आहे. उन्हाची तिरीप होती. पानाची सावली कधी कधी निळी दिसते. तो साधा राघू असेल, एखादा मोठा. बीळ तर खंड्याचंही असतं. पुन्हा जाऊन नीट पाहायला पाहिजे. मी जन्मभर दुसऱ्याच्या मालात खोट काढत आलो. त्या सकाळी मी माझ्याच मालात खोट काढत होतो, एकेक करून, आणि समोरचा माणूस भाव पाडून घ्यायला तयार नव्हता.

"नाही सेठ," बाबूजी म्हणाले. "तू पाह्यलं ते बरोबरच असन. तुझी नजर मले माहीत आहे."

वहिनींनी चहा आणला. या वेळी त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बिस्किटंही ठेवली. बाबूजींनी बशी हातानं चाचपून जवळ ओढली. मग त्यांनी विचारलं, धंदा कसा काय चालला आहे. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी मला कधी विचारला नव्हता.